खुर्द की बुद्रुक

उस्ताद, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होतील. ही गोष्ट त्याच्याही आधीची, लढाई संपल्यानंतरच्या दिवसांतली. मंगरूळपीरला तुमच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही चौघं बिनतारीचे मोर्स संदेश घ्यायला शिकत होतो. फौजेत तुम्ही बिनतारीवर होता. परतल्यावर हौशी बिनतारीचं लायसन्स काढलंत. पुरात तारेचे खांब आधी पडतात, तेव्हा कोणाले तरी हे यायले पाह्यजे, म्हणायचात. मी वाशीमच्या शाळेत मास्तर, दोन लेकरांचा बाप, पण तुमच्यापुढे पहिलीतल्यासारखा बसे. त्या दिवशी मी एकच ओळ तीनदा परत मागितली. तुम्ही संदेश वाजवायच्या किल्लीवरून हात उचललात. "तिकडं मानसं मरून राह्यली असतीन, अन् तू इचारतच बसशीन काय? कान देत जाय!" बाकीचे तिघे खाली बघत राहिले. निघताना मात्र तुम्ही मागून आलात आणि तुमचे फौजेतले हेडफोन माझ्या पिशवीत घातलेत. "तुह्या कानावर मले भरोसा हाये."

पुढच्याच महिन्यात पूर आला, तारा तुटल्या आणि पुरामागून कॉलरा. तुम्ही बैलगाडीत सेट घालून खेड्यांकडे गेलात. दुसऱ्या सेटपाशी, वाशीमच्या शाळेत, मी. भर दुपारी संदेश येतो. कॉलरा, डॉक्टर आणि औषध ताबडतोब पाठवा, मग गावाचं नाव, आणि शेवटचा शब्द खरखरीत बुडतो. त्या नावाची गावं दोन, नदीच्या दोन काठांना. एक खुर्द, एक बुद्रुक. कचेरीचा शिपाई कागदासाठी दारात उभा. 'मिळालं का?' तुम्ही विचारता. मी किल्ली दाबतो, 'मिळालं.' आणि मोठं गाव म्हणून लिहितो, बुद्रुक.

बुद्रुकला कोणी आजारी नव्हतं. पाणी उतरून डॉक्टर खुर्दला पोचेपर्यंत दोन दिवस गेले आणि सात माणसं. त्यात एक बाळंतीण होती. तिच्या नवऱ्यानं तुम्हाला विचारलं, "तुमी त म्हनलं होतं, निरोप पोचला?" हे तुम्ही मला येऊन सांगितलंत. मी म्हणालो, "उस्ताद, मला बुद्रुकच ऐकू आलं."

तुम्ही कचेरीत जाऊन सांगितलंत, 'चूक माझ्या हातची.' लायसन्स गेलं, वर्ग मोडला. पुढे कधीही भेटलो की तुम्ही तेच काढायचा. "मले त खुर्दच वाजवल्यावानी वाटते. पन हात चुकला असंन." शेवटच्या आजारात तुमची बोटं चादरीवर हलत होती. मी उशाशी होतो. ती बोटं खुर्द वाजवतायत, हे मला वाचता येत होतं.

मला बुद्रुक ऐकू आलं नव्हतं, उस्ताद. काहीच ऐकू आलं नव्हतं. परत विचारायची लाज वाटली.

तुमच्या घरी भाभी अजून आहेत. इथवर लिहिलेलं त्यांना वाचून दाखवावं म्हणून परवा मंगरूळपीरला गेलो. "हात चुकला, हात चुकला, मनतच गेले ते," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत आलो. कागद खिशातून काढलाच नाही.