उसने विचार

कागल,
सोमवार, १२ जानेवारी २०२६

प्रिय शशिधर,

तू आणि मी, वादविवादाच्या ढाली जिंकून आणलेली, पण लग्नाचा विषय निघाल्यावर घरच्यांनी एक वाक्यही पुरं करू न दिलेली दोन माणसं. एकवीस वर्षांची ही तक्रार तुझ्याखेरीज कुणापुढं मांडू?

नमस्कार. इकडं सगळे बरे आहेत. सासूबाईंचे, म्हणजे आक्कांचे, गुडघे दुखतात. उसाला तोड मिळाली.

मागच्या महिन्यात कोल्हापुरात शालेय वक्तृत्व स्पर्धेला तू परीक्षक होतास. सत्तावीस क्रमांकाची मुलगी आठवते? स्पर्धकांनी नाव सांगायचं नसतं, म्हणून तुला कळलं नाही. ती माझी मुलगी, भूमिका. भाषण मी लिहून दिलं होतं आणि त्यात तुझं वाक्य घातलं होतं : 'ज्या घरात मुलीला प्रश्न विचारता येत नाही, त्या घरातला मुलगा उत्तर द्यायला शिकत नाही.' कॉलेजच्या शेवटच्या स्पर्धेत तू हे बोललास, तेव्हा मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होते. तिच्या तोंडून ते ऐकून तू मान वर करशील, एवढंच मला हवं होतं.

तू तिला अंतिम फेरीत घेतलंस, आणि शेरा लिहिलास : 'विचार उसने वाटतात.'

तुझ्याच वाक्याला, शशिधर! मी आधी हसले. मग भांडी घासताना हसू येईना.

भूमिका हसली नाही. "आई, त्यातलं माझं काय हाय?" तिनं विचारलं. पोरीला मी पत्राच्या पाकिटासारखं वापरलं होतं. आता नवं भाषण तिनं स्वतः लिहिलंय. मला दाखवत नाही.

इथं बोलायला बंदी नाही. हळदीकुंकवाला दोन शब्द बोल म्हणतात. मी श्वास घेते न घेते तोवर आक्का म्हणतात, "झालं न्हवं? आता वाण वाट." सभ्य माणसांच्या घरात तोंड असं बंद करतात, आणि त्याला कौतुक म्हणतात.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव काढलं. तेव्हापासून मी राजलक्ष्मी. आई-वडील गेले. जुन्या नावानं मला हाक मारणारं कुणी उरलं नाही. तू उरला असशील, तर ठाऊक नाही.

येत्या रविवारी अंतिम फेरी, परीक्षक पुन्हा तूच. मी येणार नाही, त्या दिवशी घरात पावणं आहेत. पण कार्यक्रम फोनवर थेट दाखवणार आहेत. स्वयंपाकघरात मी आवाज पूर्ण मोठा ठेवीन. बाहेरच्या सोप्यात बसलेल्या पावण्यांनाही ऐकू जाईल.

तिला मार्क वाढवून देऊ नकोस. खाली मी सहीही करत नाही. राजलक्ष्मी तुला ओळखत नाही, आणि दुसरं नाव लिहायला हात धजत नाही. निकालानंतर, ती हरली तरी, तिला मंचावर बोलव. माइक तिच्या हातात दे आणि सगळ्यांसमोर विचार, 'लग्नाआधी तुझ्या आईचं नाव काय होतं?'