आबांचं वजन

३ नोव्हेंबर, सोमवार
आबांना खाटेवरून खुर्चीत घेताना उजवा खांदा कट्कन वाजला. पंधरवड्यात तिसऱ्यांदा. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना दिवसातून चारदा तरी उचलावं लागतं. खांदा गेला तर माणूस ठेवावा लागेल, आणि आबांचं ठरलेलं — ‘‘परक्याच्या हातानं मी उठायचा न्हाई. त्यापरीस हितंच पडून राहीन.’’ मी सत्तेचाळीसचा. किती वर्षं पुरणार?

५ नोव्हेंबर, बुधवार
वारूळवाडीच्या जिममध्ये नाव घातलं. शिकवणाऱ्या मोहिनीताई माझ्याच वयाच्या, पूर्वी कबड्डी खेळायच्या. म्हणाल्या, ‘‘वीस वर्षं कॉलेजात पुस्तकंच उचललीत ना सर? मग पाच किलोपासून.’’ आधी अंग गरम करायचं. वजन अंगाजवळ. कंबरेत नाही, गुडघ्यात वाकायचं. स्नायू दुखला तर चालेल, सांधा दुखला की तिथंच थांबायचं.

९ नोव्हेंबर, रविवार
आबांना हे सगळं सांगितलं. हसले. ‘‘त्यापायी वारूळवाडीला जातुस व्हय? मेंढी उचलताना आदी पोटाशी घेत्यात, मग उठत्यात.’’
‘‘मला कधी शिकवलं नाही.’’
‘‘तू पुस्तकात व्हतास.’’
खरं आहे, म्हणून बोचलं. मग त्यांना तसंच पोटाशी घेऊन उठलो. त्यांची दाढी कानाला घासली. इतक्या जवळ शेवटचं कधी गेलो होतो, आठवेना.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मोहिनीताईंशी खोटं बोललो. ‘खांदा?’ — ‘छान.’ आणि बारा किलो उचललं. शेजारची कॉलेजची पोरं बघत होती, एवढंच कारण. आता हात डोक्याच्या वर जात नाही. हे आबांसाठी चाललंय की पोरांसाठी?

१९ नोव्हेंबर, बुधवार
खरं सांगून टाकलं. रागावल्या नाहीत. ‘‘सांध्याला अब्रू कळत नाही, सर.’’ पुन्हा पाच किलो. सावकाश.

२ डिसेंबर, मंगळवार
दुखणं जवळजवळ नाही.

७ डिसेंबर, रविवार
आज आबा सहज उचलले गेले. खांदा गप्प, दमही लागला नाही. ‘‘लई ताकद आली रं तुला,’’ म्हणाले. लिहायला संकोच वाटतो, पण अभिमान वाटला. त्यांना क्षणभर तसंच धरून ठेवलं. तेही ‘सोड’ म्हणाले नाहीत.

९ डिसेंबर, मंगळवार
आबांनी घातलेली शपथ मोडून बायकोनं, नंदानं, आज सकाळी सांगितलं. महिना झाला, आबा रोज अर्धीच भाकरी खातात. पूर्ण वाढली तर ताट सारतात. का म्हणून तिनं विचारलं, तर म्हणाले, ‘‘पोराला जड व्हतंय.’’
दुपारी कॉलेजातून लवकर घरी आलो. दुधात अख्खी भाकरी कुस्करली आणि त्यांच्या समोर बसलो. माझ्याकडे न बघता त्यांनी सगळी खाल्ली.