खोली तशीच ठेवली आहे

तीर्थरूप आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार. (बोलताना मी तुला 'तू' म्हणतो. पत्रात 'तुम्ही' असावे म्हणून एक कागद तसा लिहून पाहिला, पण वाचल्यावर वीज कचेरीतल्या बाईंना अर्ज केल्यासारखा वाटला, म्हणून फाडला. तरी 'तू'च्या आत आदर आहे असे समजून वाचावेस.) तुझा नवा गुडघा कसा आहे? जुना निदान बोलका होता. हवा बदलणार असली की आदल्या दिवशी सांगायचा. नवा काही बोलतो का? दादा आणि वहिनी तुझ्या पथ्याकडे नीट बघतात ना? जिना चढताना आधी चांगला पाय वर टाकावा आणि उतरताना आधी दुखरा पाय खाली टाकावा. (हे तूच सगळ्यांना सांगायचीस. पण तुला सांगायला तिथे कोणी आहे की नाही ते ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवले.)

तुझे पत्र पोचले. त्यात तू एवढेच विचारले आहेस की, "तुझं जमतंय ना? का मी येऊन बसू परत?" प्रश्न सरळ आहे आणि त्याचे उत्तरही सरळच आहे. पण ते नीट कळावे म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

दादाकडे राहायला जाताना तू रिक्षात बसून म्हणालीस, "खोली सांभाळ." सांभाळ म्हणजे नेमके काय करायचे हे काही बोलली नाहीस आणि रिक्षा तर निघाली. तेव्हा मी त्यातल्या त्यात बिनधोक अर्थ घेतला, तो असा की काहीही हलवायचे नाही. कॉटच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, ती आहे. पडद्याची मधली कडी तुटलेली आहे, ती तुटलेलीच ठेवली आहे. तुझे गोल स्टूल कॉटच्या उजवीकडे असते. वास्तविक मी डावखुरा, मला ते डावीकडे सोयीचे पडेल. पण स्टूल उजवीकडेच ठेवले आणि मी कॉटला वळसा घालून, जरासा वाकडा होऊन टोचू लागलो. (पाठ धरली. स्वतःच्या पाठीत स्वतःला सुई टोचता येत नाही ही आपल्या विद्येतली मोठीच उणीव आहे.) सामानाचे तसेच तुझ्या रीतीचेही. तू आधी खिडकी अर्धी उघडायचीस, मग हात धुवायचीस, मग घसा खाकरायचीस, मग कॉटच्या कडेवर बोटांनी दोनदा टकटक करायचीस आणि मग सुई. यातले औषध कोणते आणि सवय कोणती, हे मला कोणी कधी वेगळे करून सांगितलेले नाही. परीक्षेतही विचारले नाही. ॲक्युपंक्चरच्या प्रमाणपत्रावर तर फक्त माझे नाव आणि शिक्का आहे. मग यातले एखादे गाळले आणि नेमकी तिथेच कोणाची कंबर अडकली तर? म्हणून मी सगळेच करत होतो. घसा साफ असतानाही खाकरत होतो.

आत्या, त्या खोलीत एकटे उभे राहिले की मला साबणाची वडी आठवते. शाळेने मला सोडले तेव्हाची गोष्ट. (आई सगळ्यांना सांगते की मी शाळा सोडली. शब्दांचा क्रम तेवढा वेगळा आहे.) घरात जो तो माझ्याकडे बघून उसासे टाकत होता आणि तू येऊन म्हणालीस, "ह्याचं अक्षर बघा, कसं रेघेवर बसतं. ह्याचा हात मला द्या." मग तू माझ्या हातात सुया दिल्यास आणि पुढ्यात आंघोळीच्या साबणाची वडी ठेवलीस. सुई सरळ जायला हवी, वाकता कामा नये आणि वडीला तडा जाता कामा नये. मी टोचून टोचून चाळण केलेल्या त्या वड्यांनी घरात सगळ्यांना आंघोळ करावी लागे. बाबा न्हाणीघरातून ओरडायचे, "अरे, ह्या साबणाला फेस येत नाही रे! ह्याचा जीव काढलाय कार्ट्यानं!" मग माझी स्वतःची पोटरी आणि मग एके दिवशी तुझी. तू डोळे मिटून पडली होतीस. मी घाम पुसत विचारले, "दुखलं का?" तर तू म्हणालीस, "टोचलीस का?" केवढा फुगलो होतो मी! आईला सांगितले, बाबांना सांगितले, दुधवाल्याला थांबवून सांगितले. सुई चादरीत गेली होती हे तू मला फार उशिरा सांगितलेस. तेवढे दिवस मला फुगू दिलेस. तुझे हे उपकार मी उपचारांपेक्षा मोठे मानतो.

असो. विषयांतर झाले. आता धंद्याचे सांगतो.

सुरुवातीलाच पाटीचा घोटाळा झाला. रस्त्यावरून दिसावी अशी एक नवी पाटी असावी म्हणून पेंटरकडून सुईचे चित्र काढून घेतले. मजकूर मी स्वतः लिहून दिला होता. त्यात एकही चूक नव्हती. पण पेंटर कसबी माणूस पडला. त्याने मनापासून सुई काढली आणि तिला छान लांबट नेढेही काढले. आपल्या सुईला नेढे कुठले? परिणाम असा की पहिल्या आठवड्यात जे नवे लोक आले त्यांनी दोन पँटी, एक चेन तुटलेली पिशवी आणि एक उसवलेली उशी आणली. शेजारचा टेलर तीन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. चौथ्या दिवशी मान धरली म्हणून आला, तेव्हा आधी माझ्याकडून वदवून घेतले की मी काज-बटण करत नाही.

पण जुने पेशंट मात्र आले, आत्या. सगळे आले! तू गेल्यावर खोली ओस पडेल या भीतीने मला जेवण जात नव्हते, आणि बघतो तर बाहेरचा बाक भरलेला. बेकरीवाले काका खांदा चोळत आले, ड्रायव्हरकाका कंबरेवर हात ठेवून आले, हेडबाई छत्री घेऊन आल्या. (होय, त्याच. माझ्या निकालावर ज्यांची सही होती त्या. निवृत्त झाल्या तरी त्यांनी बघितले की माझा शर्ट आपोआप आत खोचला जातो.) मी आत हात धुऊन उभा. बाहेर गप्पा, हसणे, बेकरीवाल्यांच्या बिस्किटांचा पुडा इकडून तिकडे. आत मात्र कोणी येईना. मी पडद्यातून डोके काढून विचारले, "कोण येतंय आत?" तर बेकरीवाले म्हणाले, "सावकाश रे, आम्हाला कुठं घाई आहे!" जेवणाची वेळ झाली की सगळे उठून घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टेलर सोडला तर माझी कॉट कोरी आणि बाक गच्च. रस्त्याने जाणारा नवा माणूस ती गर्दी बघून मागच्या मागे परतायचा. घरमालकीणबाईंनी माझी पाठ थोपटली. म्हणाल्या, "आत्याच्या वरताण चालवलंस की रे!" मी त्यांचे आभार मानले आणि आत जाऊन रिकाम्या कॉटवरची चादर बदलली.

मला वाटले, लोक मला भितात. म्हणून धीर द्यायला मी सूचनांचा कागद बाकासमोर उभा राहून मोठ्याने वाचू लागलो. सुई नवी आहे, पाकीट तुमच्यासमोर फोडले जाईल, क्वचित काळानिळा डाग पडतो, क्वचित भोवळ येते, फारच क्वचित… 'फारच क्वचित'पर्यंत आलो तेव्हा ड्रायव्हरकाका चप्पल शोधत होते.

आणि मग हेडबाईंची मान अडकली. बाकावर बसल्या बसल्याच. बेकरीवाल्यांनी काहीतरी अशुद्ध उच्चार केला, तो सुधारायला त्या झटक्याने डावीकडे वळल्या आणि तशाच राहिल्या. तोंड दाराकडे, खांदे भिंतीकडे. डोळ्यांत पाणी, पण आवाज तोच. मला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या समोर न येता त्यांच्याशी बोलता आले. मी म्हणालो, "बाई, आत कॉटवर…" त्या म्हणाल्या, "कॉटवर जायला वळायला नको का, मूर्खा?" तेव्हा बाकावरच करायचे ठरले, सगळ्यांच्या देखत. मी खिडकी अर्धी उघडायला आत पळालो, हात धुतले, परत आलो, घसा खाकरला, टकटक करायला कॉट नव्हती म्हणून बाकावर केली आणि कागद काढून वाचायला लागलो की सुई नवी आहे. त्यावर हेडबाई दाराकडे बघत कडाडल्या, "वर्गात कधी वाचलं नाहीस ते आता वाचतोस? टोच!"

टोचली. हाताच्या पाठीवर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांच्या जरा मागे, तू दाखवली होतीस तिथे. ओली वाळू हाताला लागावी तशी सुईखाली जी पकड लागते, ती लागली. मी सुई हलकेच फिरवत म्हणालो, "आता मान हळूहळू वळवा, बाई." मान थोडी आली. परत गेली. मग आणखी थोडी आली. आणि शेवटी हेडबाईंनी आधी माझ्याकडे, मग बेकरीवाल्यांकडे आणि मग पुन्हा दाराकडे नीट बघितले. म्हणाल्या, "मघापासून एकच गोष्ट नजरेसमोर होती. ते दारावर काय लिहिलंय? वाच. मोठ्यानं."

दारावर तुझी जुनी पाटी आहे ना, खिळ्याला लटकवलेली. मी रोज ती पुसतो. मी उभा राहून वाचले, "बाहेर गेले आहे. बसून घ्या."

"कोण गेलंय बाहेर?"

"आत्या."

"आणि आम्ही काय करतोय?"

"बसून घेतलंय, बाई."

आत्या, तू भाजीला जाताना लावायचीस ती पाटी! शेवटच्या दिवशी ती तशीच राहिली आणि मी काहीही हलवायचे नाही म्हणून ती हलवली नाही. एवढेच असते तरी लोकांनी ओळखले असते. पण त्या पाटीवर तू 'बसुन' असे लिहिले होतेस. ते मला लहानपणापासून खुपत होते. तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पांढरा रंग आणून तो उकार दीर्घ केला, आणि एकच अक्षर उठून दिसू नये म्हणून बाकीच्या अक्षरांवरूनही ब्रश फिरवला. लोकांनी ताजा रंग बघितला आणि ठरवले की आत्या मुलाकडून परत आली, इथेच कुठेतरी गेली आहे. बेकरीवाले म्हणाले, "मी तुला विचारलंसुद्धा, आत्या कशी आहे म्हणून. तू म्हणालास, बरी आहे, हिंडते-फिरते. मला वाटलं, हिंडायला गेलीय." दोन आठवडे ही मंडळी रोज तुझी वाट बघत बसली होती आणि मी पलीकडे त्यांची.

हेडबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे ती येत नाही." मी मान हलवली. मग त्यांनी सुईकडे बोट दाखवले. म्हणाल्या, "तिची सुई कळायची नाही. तुझी कळते. पण निदान तू आत असतोस." आणि बेकरीवाल्यांना खांद्याला धरून आत पाठवले.

तेव्हापासून कॉट रिकामी नसते. टेलर येतो, त्याची बहीण येते, बहिणीची सासू तर येतेच पण मला स्थळेही सुचवते. मधे एकदा घाईत मी खाकरायला विसरलो, टकटक करायला विसरलो, आणि सुई अगदी बरोबर बसली. ड्रायव्हरकाका कॉटवरच घोरू लागले. मला आनंद व्हायला हवा होता. उलट वाईट वाटले. औषध काय होते ते कळले आणि तू काय होतीस तेही कळले. दोन्ही आजवर एकच वाटत होते. स्टूल आता डावीकडे घेतले आहे. खिडकी मात्र अर्धीच उघडतो. त्याने कोणाचे काही दुखणे जात नाही.

दादाला नमस्कार, वहिनींना नमस्कार. अक्षर कुठे बिघडले असेल तर बोटाला सुई लागली आहे असे समजावे.

तुझा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिलेच. जमते आहे. येऊन बसू नकोस. राग मानू नकोस, पण तू स्टुलावर बसलीस की हेडबाई तुझ्याकडे वळतील, बेकरीवाले वळतील, टेलर वळेल. आणि सगळ्यांच्या आधी मी वळेन. पुन्हा खाकरायला लागेन.

आणखी ता. क. बसायला नको म्हटले, झोपायला नको म्हटलेले नाही. दादाचा फोन आला होता. तू गुडघा पूर्ण वाकवत नाहीस, व्यायामाच्या वेळी झोपेचे सोंग घेतेस आणि कोणालाच जवळ येऊ देत नाहीस म्हणे. बुधवारची सकाळ तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. तिथल्या डॉक्टरांना विचारून, त्यांची लेखी परवानगी घेऊन ये. (तोंडी चालणार नाही.) कॉटवर पडायचे, कसे टोच, कुठे टोच हे सांगायचे नाही.

शेवटचे ता. क. हे पत्र टाकण्याआधी शुद्धलेखनासाठी हेडबाईंना दाखवले. त्यांनी दोन स्वल्पविराम काढले आणि म्हणाल्या, "ती पेशंट म्हणून आडवी पडणार? कध्धी नाही." मी म्हणालो, "पडेल, बाई. तुम्ही तिला ओळखत नाही." हेडबाईंना उलट उत्तर देण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. ती वाया जाऊ देऊ नकोस.