मामा, हॉलभर तुमचाच आवाज

तीर्थरूप मामांना,

लांबूनच वाकून नमस्कार. (तुमचा उजवा हात गळ्यात बांधलाय, तेव्हा आशीर्वाद डाव्या हाताने दिलात तरी चालवून घेईन.) खांदा कसा आहे? आई तुम्हाला भाऊ म्हणून जपते की माझ्यासारखंच फैलावर घेते? तसं असेल तर माझ्या खोलीत राहायला जा, तिथे कमी ऐकू येतं. ती खोली मी त्याच हिशोबाने निवडली होती. असो, भलतीकडेच चाललो.

तुम्ही ड्रमच्या स्टुलावरून पडलात आणि आपण तिघं जिथे वाजवतो त्या हॉटेलचा मॅनेजर दुसऱ्याच दिवशी म्हणाला, ड्रमर नाही तर कार्यक्रम नाही. फार गयावया केल्यावर एका रविवारची दुपार दिली: जमलं तर दर रविवार आपला, नाही तर कायमचा रामराम. ताई म्हणाली, रामराम झाला तर मी कुरियरच्या ऑफिसातच पूर्ण वेळ बसेन, पुन्हा गाणार नाही. तुमची मुलगी म्हटल्यावर शब्दाची पक्की, म्हणून मी लगेच कामाला लागलो. तुम्ही सरावासाठी वाजवून रेकॉर्ड करून ठेवलेले ड्रम आपल्याकडे होते. प्रश्न एवढाच, ते वाजवायचे कशावर?

आधी ताईचा फोन घेतला. सरावात ऐन हळव्या ओळीला दोन्ही स्पीकरांतून बाईचा आवाज आला, "टाकीचा नळ बंद करा." (ती आठवण ताईनेच लावली होती. नळ खरंच चालू होता, घरमालक भिजून वर आले.) मग शेजारच्या वकिलांचा लॅपटॉप आणला. त्याने दुसऱ्या गाण्यात स्वतःचं अपडेट काढलं आणि सत्तेचाळीस मिनिटं थांबा म्हणाला. शिवाय ताई त्याच्यामागे उभी राहिली की पासपोर्टचा अर्ज भरून घेतेय असं वाटायचं.

माझे दोन्ही हात गिटारवर, म्हणून शेवटी वाद्यांच्या दुकानातून रेकॉर्डिंग वाजवणारा, पायाने दाबायचा डबा आठवड्यासाठी मागून आणला. आकाराने जेवणाच्या डब्याएवढा, एक बटण गाणं सुरू करायला, एक थांबवायला. माझे बूट एवढे रुंद की दोन्ही बटणं एकदम दाबली जायची, म्हणून बूट काढून वाजवायचं ठरलं. (मोज्याला भोक आहे. आईला सांगू नका.) डब्याला दोन वायरी. एकीतून ड्रम हॉलमध्ये जायचे आणि दुसरीतून ठेक्याची टिकटिक, तुमचं मोजणं आणि तुमच्या शिव्या फक्त आमच्या कानात.

रविवारी वायरी उलट्या लागल्या.

बटण दाबलं आणि जेवणाऱ्या लोकांच्या डोक्यावर तुम्ही कडाडलात, "एक, दोन, तीन... गधड्या, पळू नकोस, गाडी सुटत नाहीये!" चमचे जागच्या जागी थांबले. ताईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आधीच कुरियरने रवाना झालोय. मी थांबवणार तोच तुम्ही म्हणालात, "थांबायचं नाही, पुढे चला." तुमचं ऐकायची सवय, गेलो पुढे. ड्रम फक्त आमच्या कानात, हॉलमध्ये टिकटिक आणि तुम्ही. तिसऱ्या कडव्याआधी तुम्ही शांतपणे म्हणालात, "आता भाचा चुकणार." आणि मी चुकलो! अख्खा हॉल हसला, एका आजोबांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या गाण्यात "बेटा, श्वास घे" आलं, ताईने श्वास घेतला आणि मामा, ती अशी गायली की वेटर ताटं घेऊन तसेच उभे राहिले.

मॅनेजर नंतर डोळे पुसत आला. म्हणाला, "दर रविवार तुमचा. पण तो ओरडणारा माणूस पाहिजे. डब्यातला नको, खरा."

आईला नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा.

तुमचा,
गधडा

ता. क. ड्रमला गिऱ्हाईक बघ, असा निरोप तुम्ही आईकडून पाठवलात. बघणार नाही. डॉक्टरांनी दिलेला खांद्याचा व्यायाम तुम्ही करत नाही, हे तिने मला वेगळं कळवलंय. करा. तुमचं स्टूल सुताराकडून पक्कं करून घेतलंय, मी त्याच्यावर उड्या मारून पाहिल्या.

ता. क. दुसरा : ताईला सांगू नका, पण वायरी मी मुद्दाम उलट्या लावल्या होत्या. तुमचा आवाज आम्ही दोघांनीच कानात ऐकायचा, हे काही मला पटेना. चुका मात्र सगळ्या खऱ्या होत्या.