चौथी इरिनी

द्राक्षमास ४
पोचलो एकदाचे! घाट उतरताना ख्वारमझेला तीनदा उलटी झाली आणि तिसऱ्या वेळी ती स्वतःच खो खो हसत सुटली. म्हणाली, सासरी निघाले खरी, पण पोटातलं सगळं जॉर्जियातच ठेवून आले. मी तिची दूधबहीण. माझ्या आईने आम्हा दोघींना पाजलं, म्हणून राजकन्येची पाठराखीण मीच. खोलीतून समुद्र दिसतो. घरून आणलेल्या अक्रोडाच्या माळा खिडकीत टांगल्या. उत्तरेच्या घाटाच्या राखणीला घोडेस्वार मिळावेत म्हणून तिच्या बापाने तिला या ग्रीक सम्राटाला दिलं. त्याचा राग आज काढायचा नाही, असं ठरवलंय.

द्राक्षमास १२
लग्न झालं. वेदीसमोर नावही बदललं. आता ती म्हणे इरिनी! राणीवशाची कारभारीण कसियानी मला विचारते, ख्वारमझे हे नाव आहे की खोकला? साऱ्याजणी फिदीफिदी हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धोबीण सांगत होती, आधीच्या तिन्ही राण्यासुद्धा इरिनीच. तोच झगा, तीच अंगठी, तीच खुर्ची. तिघी राजवाड्यातल्या चर्चमध्ये एकाच दगडाखाली आहेत आणि त्यावर नाव एकदाच कोरलंय. त्यांच्यासाठी कुणी मेणबत्तीही लावत नाही. राणी मरतच नाही, मग आठवण कसली काढायची, हा इथला शहाणपणा. कुणाच्या तरी लेकी होत्या त्या!

द्राक्षमास २०
आज मृतांचा शनिवार. आमच्यात मेलेल्याला उपाशी ठेवत नाहीत, वैऱ्यालाही नाही. रोटीवर मद्य शिंपडून नाव घेतलं की त्याला घास पोचतो. इथे कोण करणार? सकाळीच मी चर्चमध्ये गेले. तिघींची खरी नावं कुणालाच ठाऊक नाहीत. मग दगडावरचंच नाव तीनदा घेतलं. कसियानीला ऐकू जावं म्हणून जरा जास्तच मोठ्याने घेतलं.

दुपारी ख्वारमझे भरल्या ताटावरून उठली. पोट भरलंय म्हणाली. सकाळपासून तोंडाला रोटीची आणि मद्याची चव येतेय म्हणाली.

द्राक्षमास २१
तिचे हात गारठलेत. चालते, बसते, पण नाडी लागत नाही. मी दहादा पाहिली. माझ्याशी ग्रीक बोलते. तिला ग्रीक येतच नाही.

जिवंत माणसाचं नाव त्या रोटीवर घेऊ नये, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. पण ते नाव मी तिचं मानलंच नव्हतं! माझ्या लेखी इरिनी म्हणजे त्या तिघी —

कसियानीपुढे रडले. तिला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. म्हणाली, अगं, प्रत्येकीबरोबर माहेरची अशी एक मायाळू बाई येतेच, आणि दगडावरचं नाव घेऊन जेवू घालतेच. आता राणी शहाण्यासारखी राहील. मुडदा बशिवला मेलीचा! यांना हेच हवं होतं. आणि ते माझ्या हातून करून घेतलं.

द्राक्षमास २३
खऱ्या नावाने हाक मारली की तिचा हात कोमट होतो. थांबले की गार. म्हणून थांबत नाही. दोन दिवस झाले. घसा —

माहेरचा राजदूत आला होता. त्याला सगळं ओरडून सांगितलं. तो म्हणाला, राणीसाहेब किती सोज्वळ झाल्यात, आणि घोडेस्वार कालच निघाले. त्याच्या जोड्यांवर थुंकले.

द्राक्षमास २४
आवाज गेला. नाव लिहिलं तरी पोचतं — बोट हललं तिचं — लेखणीबरोबर — म्हणून लिहितेय —

कडी लावलीय. पहारेकरी दार फोडताहेत. कसियानी बाहेरून गोड गोड बोलतेय, पुरे गं आता, दमली असशील. दमले नाही मी. संतापलेय. जो कुणी हे वाचेल त्याने हे नाव मोठ्याने — मनातल्या मनात नाही — मोठ्याने —

ख्वारमझे. ख्वारमझे. डोळे उघडले तिने — मला ओळखलं — ख्वारमझे ख्वारमझे ख्वार