खाला परत निघाल्या

२४ फेब्रु. १९८६, सांता क्लारा
दुपारी खालांबरोबर मागच्या बागेत. जर्दाळू फुललेत. पुढच्या वर्षी बाग नसेल, ऑफिसं येणार म्हणे. खाला म्हणजे शेजारच्या समीरची आई, थंडीपुरत्या जेरुसलेमहून आल्यात. त्यांच्यात मावशीला खाला म्हणतात. इंग्रजी दोघींचंही मोडकं. पण त्यांच्या अरबीतही साबण तोच शब्द, खुर्ची जवळजवळ तीच. ऊन असं की चालता चालता डोळे मिटतात.

१ मार्च
समीरच्या बहिणीचा तिकडून फोन. कोर्टानं घर खाली करायला सांगितलंय. ज्यांनी केस केली ते म्हणतात, जमीन पूर्वीपासून आमची. खाला लग्न झाल्यापासून तिथे. समीरचा जन्म तिथलाच. त्याआधीचं, माहेरचं घर अठ्ठेचाळीसच्या लढाईत सुटलं. थोडे दिवस म्हणून निघाले होते सगळे. समीरनं हे अगदी हळू सांगितलं, कुणी झोपलंय शेजारी असं. खाला मध्येच एक शब्द बोलल्या, ‘हक्क’. तो मला ट्रान्स्लेट करावा लागला नाही.

३ मार्च
स्वप्न. त्यांचं घर, मी न पाहिलेलं. दगडी जिना चढून आत गेले तर आईचं नागपूरचं स्वयंपाकघर. आई पोळ्या करतेय, आणि खिडकीतून कुणीतरी शांतपणे म्हणतंय, आवरा आता. सकाळभर अंगावरून उतरेना. नवऱ्याला सांगितलं, श्रीला. म्हणाला, दुपारची झोपत जाऊ नकोस.

८ मार्च
खाला परत जायचं म्हणतात. समीर नको म्हणतो. वकील आहे, बहीण आहे, पोलिसांपुढे हिनं कशाला. मला म्हणाला, तुझं ऐकेल, तू सांग.
सांगायलाच गेले होते. त्या द्राक्षाच्या पानांत भात भरत होत्या. मीही पानं भरायला बसले. मग म्हणाल्या, “मागच्या वेळी घर सोडताना मला कुणी विचारलं नाही. लहान होते.”
उठताना विचारलं, कुठली बॅग नेणार.

१५ मार्च
एअरपोर्ट. श्रीनं ड्राइव्ह केलं. धुकं, रस्ता तरंगत असल्यासारखा. मागे समीर आईचा हात धरून. आत जाताना खालांनी माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला, अत्तर की साबण, कसलासा वास.
परतताना समीरनं विचारलं, सांगितलंस का तिला. नाही म्हटलं. त्यानं मान हलवली. रागावला का, कळलं नाही.

२६ मार्च
सकाळी समीरकडे. फोन लागला एकदाचा. बहीण म्हणाली, केस केलेले लोक येऊन घर बघून जातात, पोलीस अजून नाहीत, वकील मुदत मागतोय. आई बाहेर पायरीवर बसलीय, आत येईना. शेवटी तिनं रिसीव्हर खिडकीतून दिला.
समीरनं मलाही कान लावू दिला. तिकडे संध्याकाळ. माणसांचा गलका, एक गाडी थांबल्याचा आवाज. मग खाला. समीरनं काहीतरी विचारलं. त्या बोलल्या, आणि तो मला म्हणाला, “विचारलं कुठे आहेस. म्हणते, घरी.”
लाइन गेली.
मी घरी येऊन हे लिहितेय. भिंतीपलीकडे तो डायल फिरवतोय, थांबतोय, परत फिरवतोय.