यांची शेवटची डबी

प्रिय वन्सं,

हो, घातली. पँटच घातली, यांची, खाली दोन दुमडी मारून आणि कमरेला सुतळी आवळून. आणि हो, गुडघाभर पाण्यात उभी राहिले, तेही दोन पुरुषांच्या मधोमध. निघताना हाती पडलेल्या तुझ्या पत्रातले बाकीचे प्रश्न घ्यायच्या आधी तू जरा पाणी पिऊन घे. साठी उलटल्यावर हे काय भलतंच, लोक काय म्हणतील, असं लिहिलंयस. अगं, इथे लोकच नाहीत. दोन विमानं आणि एक होडी करून मला जिथे उतरवलं ते बेट बांगडीसारखं आहे. कडेनं वाळू, मधे उथळ पाणी, आणि बाहेर नुसता समुद्र. पत्र्याच्या सहा खोल्या, लोखंडी खाटा, पायाखाली खेकडे. म्हणून म्हणून खेकडेच म्हणतील काहीतरी, आणि ते बिचारे स्वतःच तिरके चालतात.

आणि हे पत्र लाल शाईनं तपासायचं नाही, मुख्याध्यापिकाबाई. तुम्ही निवृत्त झालात. मी गावच्या शाळेत सातवी पास, आणि त्यातही गुरुजींना दया आली म्हणून. सासूबाईंनी तुला वन्सं म्हणायला लावलं तेव्हा तू फ्रॉकच्या बाहीला नाक पुसत होतीस. तेव्हापासून हाक मानाची आणि बोलणं अगं-तुगंचं, ते आता बदलायचं नाही.

तू विचारलंस, डॉक्टरांनी बोलावलं होतं दादाला, दादा गेला, मग तू कशाला तिथे? डॉक्टर म्हणजे आपल्या मासेमारीच्या गळांच्या कारखान्याचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. दर वर्षी या बेटावर यायचे आणि यांच्याच हातच्या माशा आणायचे. एकदा तुम्हाला नेतोच, असं यांना किती वेळा म्हणाले असतील. शेवटी नेमकं ठरलं, आणि हे दीड महिना आधी गेले. मी डॉक्टरांना फोन केला, म्हटलं, होडीतली जागा रिकामी आहे ना, मग मी बसते. ते म्हणाले, वहिनी, पोहता येतं का? मी म्हटलं, बुडता येतं, त्यात काय शिकायचंय?

चाळीस वर्षं मी गळावर पिसं नि दोरा बांधून खोट्या माशा केल्या. माशी म्हणायचं, पण या समुद्रातली दिसते इवल्या कोळंबीसारखी. डोळ्यांच्या जागी दोन जड मणी, म्हणजे ती तळाला बसते. इतक्या बांधल्या, पण एकीला तरी मासा फसलेला या डोळ्यांनी पाहिला नव्हता. येताना एकच डबी आणली. यांची शेवटची, जायच्या आठवड्यात बांधलेल्या बारा माशांची. ठरवून आले होते की मासा लागला पाहिजे तो यातल्याच एकीला. दुसऱ्याच्या माशीवर दहा लागले तरी मला त्याचं सोयरसुतक नाही.

तयारी करून आले होते बरं का. महिनाभर गच्चीत काठी घेऊन दोर फेकायचा सराव केला. समोरच्या निवृत्त कंडक्टरांची टोपी दोनदा उडवली. तिसऱ्यांदा ते टोपी काढूनच खाली आले, म्हणजे त्यांनाही माझ्या सरावाची सवय झाली. मी निघेपर्यंत ते रोज तुझी चौकशी करायचे, हे जाता जाता सांगून ठेवते. विधुर आहेत. अक्षर चांगलं आहे.

तर इथला होडीवाला. माझ्याच वयाचा, पांढरी दाढी, बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी डबी उघडून त्यानं एक माशी उजेडात धरली, परत ठेवली, आणि स्वतःची डबी माझ्यापुढे सरकवली. मी ती परत त्याच्यापुढे सरकवली. तिथून आमची जुंपली. इथला मासा पाण्याच्याच रंगाचा असतो. दिसते ती त्याची वाळूवरची सावली. होडीवाला बोट दाखवायचा, मी म्हणायची, कुठाय? तो म्हणायचा, गेला. दोन दिवस आमचं एवढंच संभाषण.

तिसऱ्या दिवशी सावली दिसली, माशी पडली, दोर ताणला, आणि मी काय केलं असेल? ढील दिली. होडीवाल्यानं कपाळावर हात मारला. पुन्हा लागला, पुन्हा ढील. तो ओरडला, बाई, ओढायचं, सोडायचं नाही! डॉक्टर म्हणाले, लोक चुकतात ते काठी उंचावतात म्हणून. मासा लागला की काठी तशीच ठेवून दोर हातानं मागे ओढायचा. पण आयत्या वेळी ढील देणारं माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मला मात्र लगेच कळलं. माशी बांधताना तो केसासारखा दोरा ताणला की बोटं आपोआप सैल सोडायची, नाहीतर तुटतो आणि सगळं पहिल्यापासून. चाळीस वर्षांची ती सवय, बोटांना काय सांगणार, की बायांनो, आज मासा आहे? त्या संध्याकाळी मी खाटेच्या पायाला दोर बांधून बसले. ताण आला की ओढ, ताण आला की ओढ. शेजारच्या खोलीतून डॉक्टर म्हणाले, वहिनी, खाट हलतेय. म्हटलं, हलू दे, अजून लागली नाही.

पाचव्या दिवसापर्यंत बारातल्या नऊ माशा गेल्या. काही खडकात अडकून तुटल्या, एक माझ्या टोपीत रुतली ती कापून काढावी लागली. डॉक्टर समजुतीनं म्हणाले, वहिनी, आता हट्ट सोडा, माझी एक बांधा, निदान मासा बघून तरी जाल. मी म्हटलं, तुमच्या माशीवर लागलेला मासा मी बाजारातही बघते.

काल सकाळी लागला. होडीवाला कानाशी पुटपुटत होता, थांब, ओढ, थांब. सावली वळली. दोर ताणला. बोटं सैल व्हायला निघाली होती गं, मला कळत होतं. मी दात आवळले आणि ओढलं. मग तो मासा जो सुटला! काठीवरचं रीळ किंचाळायला लागलं, दोरानं बोट सोललं, मी फतकल मारून पाण्यात बसले, पण सोडलं नाही. शेवटी होडीवाल्यानं तो हातात घेतला, नव्या भांड्यासारखा लख्ख. यांची माशी ओठाच्या कोपऱ्यात. इथे मासा परत सोडतात. मीच सोडला. डॉक्टर तोंड फिरवून चष्मा पुसत होते, त्यांनाही जरा छळायला हवं होतं, पण मी माशी पुसून डबीत परत ठेवत होते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. हे गेले तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, माझ्या दादाचा हात शेवटपर्यंत ढळला नाही. मी मान खाली घातली, लोकांना वाटलं रडतेय. वन्सं, दोन वर्षं यांचे हात थरथरत होते. मणी तिरके बसायचे, शेपूट पिळवटायचं. हे दुपारी पडले की मी त्यांच्या माशा उसवायची, नव्यानं बांधायची आणि डबीत तशाच लावून ठेवायची. उठून ते बघायचे नि म्हणायचे, अजून हात चालतो बघ माझा. मी म्हणायची, चालतो की. ही शेवटची डबी तेवढी राहून गेली. हे गेले आणि मग मला तिला हात लावता आला नाही. म्हणजे या बारा खऱ्या त्यांच्या, वेड्यावाकड्या. होडीवाल्यानं पहिल्या दिवशी तेच पाहिलं होतं. आणि काल त्या वाकडीलाच मासा लागला. दोन वर्षं ज्या उसवल्या त्यांनाही लागला असता. परत आले की कारखान्यात सगळ्यांसमोर सांगणार आहे, कुणी अडवलं तरी सांगणार आहे, पण आधी तुला कळायला हवं. तुझ्या दादाला फसवलं मी, रोज, दोन वर्षं, आणि त्याची काही गरज नव्हती.

तुझीच,
वहिनी